राजीव सामंत : नाशिकच्या द्राक्षशेतीला वाईनची जोड देणारे उद्योजक

राजीव सामंत हे नाशिक येथील ‘सुला विनयार्ड्स’ या कंपनीचे संस्थापक होत. खाण्याच्या द्राक्षांसाठी ख्यातनाम असलेल्या नाशिक जिल्ह्यात वाईनच्या द्राक्षांची लागवड आणि तिच्यासाठी बाजारपेठ उभी करण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांना दिले जाते.

मुंबईत वाढलेल्या सामंत यांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात उच्च शिक्षण घेतले आणि कॅलिफोर्नियात ‘ओरॅकल’मध्ये नोकरी केली. १९९०च्या दशकात ती सोडून ते मायदेशी परतले. गंगापूर धरणाजवळील कौटुंबिक जमिनीवर त्यांनी आंबा, गुलाब, साग आणि खाण्याची द्राक्षे असे प्रयोग केले. त्यांतून मनाजोगते यश आले नाही. कॅलिफोर्नियातील वाईनतज्ज्ञ केरी डॅमस्की यांच्या सल्ल्याने १९९७ मध्ये त्यांनी सोव्हिन्याँ ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या जातींची लागवड केली. कंपनीला कुटुंबातूनच नाव मिळाले : आई सुलभा यांच्या नावावरून ‘सुला’. पहिली वाईन २००० मध्ये बाजारात आली.

जगातील बहुतेक प्रसिद्ध द्राक्षमळे ३० ते ५० अंश अक्षांशांच्या पट्ट्यात आहेत. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम सव्वा अंशावर, तर नाशिक सुमारे २० अंशांवर. म्हणजे दोन्ही त्या पट्ट्याबाहेर. नाशिकला मात्र पठाराची उंची आणि हिवाळ्यातील थंड रात्री लाभल्या आहेत. युरोपात वेल थंडीत निद्रिस्त असते. नाशिकात पावसाळा सरताना फळछाटणी होते आणि साधारणतः जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी. द्राक्ष बागायतदारांना परिचित असलेल्या याच वेळापत्रकात वाईनची द्राक्षे बसविता आली.

महाराष्ट्रातील वाईनचा इतिहास सामंतांपासून सुरू होत नाही. १९८०च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगाव येथे ‘शातो इंडाज’ उभारून ‘ओमर खय्याम’ ही फेसाळ वाईन परदेशी पाठविली. पुढे तो उद्योग कर्जाच्या ओझ्याखाली कोसळला. राज्य शासनाच्या २००१च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणाने करसवलती दिल्या आणि नाशिक परिसरात अनेक वायनरी निघाल्या. २००८च्या मंदीनंतर मागणी घटली, तेव्हा कित्येक शेतकऱ्यांनी वाईनच्या वेली उपटून टाकल्या.

या व्यवसायातील खरी जोखीम येथेच आहे. वाईनची द्राक्षे आकाराने लहान, जाड सालीची आणि बियांची असतात. खाण्याच्या बाजारात त्यांना गिऱ्हाईक नसते. वायनरीने पाठ फिरविली, तर शेतकऱ्याची अनेक वर्षांची गुंतवणूक बुडते. म्हणूनच शेतकऱ्यांशी दीर्घ मुदतीचे खरेदी करार आणि ग्राहकाला थेट मळ्यात आणणारे वाईन पर्यटन, हे सामंतांच्या कार्यपद्धतीचे दोन आधार ठरले. २००५ मध्ये मळ्यावर वाईन चाखण्याचे दालन सुरू झाले आणि डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीच्या समभागांची शेअर बाजारात नोंदणी झाली.