नागपाडा ते देवनार : वस्तीतील युवककार्य आणि कार्यकर्त्यांचे शिक्षण

मुंबईच्या श्रमजीवी वस्त्यांतील तरुणांमध्ये कार्य करणारा मनुष्य कसा घडवावा, हा प्रश्न त्या कार्याइतका जुना नाही. ना. म. जोशी यांनी 1911 मध्ये सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. त्या काळी रात्रशाळा व वाचनालये चालविण्यास सुशिक्षितांची कळकळ आणि सायंकाळचा फावला वेळ एवढे भांडवल पुरेसे मानले जाई. सेवकासही शास्त्रशुद्ध शिक्षण हवे, ही कल्पना पुढे नागपाड्यात रुजली.

शहरातील दरिद्री वस्त्यांत कार्य करण्याचे अमेरिकन मराठी मिशनने 1926 मध्ये ठरविले व त्यातून नागपाडा नेबरहुड हाऊस उभे राहिले. त्याची धुरा डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्याकडे होती. शिकागोत शिकलेल्या या गृहस्थांपुढे लंडनच्या टॉयन्बी हॉलपासून (1884) चालत आलेली पद्धती होती. सेवकाने बाहेरून येऊन दान करू नये, वस्तीतच ठाण मांडावे, हे तिचे सार. मुसलमान, यहुदी, हिंदू व ख्रिस्ती अशा संमिश्र मोहल्ल्यात हे कार्य निभावणे सोपे नव्हते. तरुणांसाठी व्यायामशाळा उघडणे फारसे अवघड नसते. परंतु एखादा मुलगा यावयाचा एकाएकी का थांबला, एका गल्लीची मुले दुसरीच्या मुलांना आत का येऊ देत नाहीत, हे ओळखून त्यावर उपाय योजण्यास निव्वळ सदिच्छा अपुरी पडते.

हीच उणीव भरून काढण्यासाठी टाटा न्यासाच्या साहाय्याने 1936 मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क ही संस्था नागपाड्यातच सुरू झाली. पहिले संचालक अर्थातच मॅन्शार्ट होते. वर्गातील व्याख्यानांस वस्तीतील क्षेत्रकार्याची जोड हे या द्विवर्षीय अभ्यासक्रमाचे वैशिष्ट्य होय. 1944 मध्ये संस्थेस टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस हे नाव मिळाले. 1954 मध्ये ती देवनारास गेली.

तथापि स्थलांतरापेक्षा महत्त्वाचा फरक एका कायद्याने घडविला. 1948 च्या कारखाना अधिनियमाच्या 49 व्या कलमान्वये पाचशे वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक झाले. साहजिकच प्रशिक्षितांसाठी कारखान्यात पद, वेतन व प्रतिष्ठा यांची सोय झाली. वस्तीतील युवककार्यकर्त्यासाठी असे कोणतेही कलम नव्हते. ज्या मोहल्ल्याच्या गरजेतून हे शिक्षण जन्मास आले, तेथे टिकून राहणाऱ्यास मात्र देणगीच्या भरवशावर दिवस काढावे लागत. यात विद्यार्थ्यांस दोष देणे अन्यायाचे ठरेल. संसार त्यांनाही होता.

वस्तीतील तरुणांमधूनच कार्यकर्ते घडविण्याचा मार्ग पुढे अनेकांनी अनुसरला. 1984 मध्ये मुंबईत स्थापन झालेली ‘युवा’ ही संस्था त्यांपैकी होय. असा कार्यकर्ता वस्तीची भाषा उपजतच जाणतो, हा मोठाच लाभ; पण त्याच्याही मानधनाचा प्रश्न त्या कलमाने सुटला नव्हता.