'करमणूक' आणि हरिभाऊंची कादंबरी

हरि नारायण आपटे यांच्या कादंबऱ्यांवरील पाल्हाळाचा आक्षेप जुना आहे. नागपुरात एम. ए.च्या वर्गात 'पण लक्षांत कोण घेतो!' शिकविताना तो दरवर्षी निघतोच. आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. परंतु त्याच्या मुळाशी एक गफलत आहे. आज आपण ग्रंथरूपाने वाचतो ती संहिता ग्रंथ म्हणून सिद्ध झालीच नव्हती. १८९० ते १८९३ या काळात ती 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः प्रकटली, आणि ते साप्ताहिक खुद्द हरिभाऊंचे होते.

लेखकानेच नियतकालिक चालवून त्यात स्वतःची कादंबरी छापणे ही गोष्ट अगदीच अपूर्व नव्हती. बंकिमचंद्रांनी १८७२ मध्ये 'बंगदर्शन' काढले आणि 'विषवृक्ष' त्यातच प्रसिद्ध केली. आपल्याकडे गुंजीकरांची 'मोचनगड' त्यांच्या संपादनाखालील 'विविधज्ञानविस्तारा'तून आली. मात्र 'विस्तार' हे ज्ञानप्रसाराचे मासिक. तेथे कादंबरी ही पाहुणी होती. हरिभाऊंनी साप्ताहिकाच्या नावातच रंजन हा हेतू उघड केला आणि कादंबरीला घरधनिणीचे स्थान दिले.

हे धाडस त्यांना शक्य झाले, कारण त्यांचा चरितार्थ कादंबरीवर अवलंबून नव्हता. विद्यापीठाची पदवी त्यांच्या हाती लागली नाही. पण चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी स्थापिलेल्या आनंदाश्रमाची व्यवस्था त्यांच्याकडे आली. एकीकडे संस्कृत ग्रंथांच्या प्रकाशनाचा कारभार पाहायचा आणि दुसरीकडे यमूच्या केशवपनाची कहाणी लिहायची, असा हा जोडसंसार होता. पूर्वी 'मधली स्थिति' त्यांनी 'पुणेवैभवा'त दिली होती. 'गणपतराव' कानिटकरांच्या मासिकात सुरू झाली, ती अपुरीच राहिली. दुसऱ्याच्या पानांवरचा हा अनुभव 'करमणूक' काढताना त्यांच्या गाठीशी होता.

यमूची कहाणी चालू असतानाच, १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला. त्याच्या मागेपुढे पुण्यातील वृत्तपत्रे परस्परांवर तुटून पडत होती. हरिभाऊंची सहानुभूती सुधारकांकडे होती, हे सांगावयास नको. तरीही कादंबरी त्या वादात पक्षपत्रिका बनत नाही. यमू माहेरच्या, सासरच्या बारीकसारीक गोष्टी सांगत राहते. रुसवे, जेवणखाण, मुंबईतील बिऱ्हाड, सारे सावकाश येते. परक्या संपादकाने यातील कितीतरी भाग छाटला असता, किंवा निदान वाद पेटला असता थोडे अधिक जळजळीत लिहा, असा आग्रह तरी धरला असता. येथे तसा कोणी नव्हता. वाचकांनी यमूला जवळजवळ तीन वर्षे आठवड्यागणिक मोठी होताना पाहिले. तिच्यावरील आघाताचे बळ या दीर्घ सहवासात आहे. ज्याला आपण पाल्हाळ म्हणतो त्याचा बराचसा भाग म्हणजे हा सहवासच होय.

बराचसा, सगळा नव्हे. याच मोकळिकीची किंमतही हरिभाऊंच्या लेखनाने मोजली. 'मी' किंवा 'उषःकाल' यांची वीण जेथे सैल पडते, तेथे अंकाची पाने भरण्याची निकड जाणवते. साप्ताहिकात कथेला एक बैठकीची मर्यादा आणि कादंबरीला वर्षांची मुभा, अशी विभागणी त्यांनी केली. 'स्फुट गोष्टी' या सदराने मराठी लघुकथेला घाट दिला, तो या मर्यादेमुळेच, असे माझे मत आहे. कादंबरीला मात्र आवरणारा कोणी उरला नाही.

१९१२ मध्ये अकोल्याच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद हरिभाऊंकडे आले, तेव्हा वऱ्हाडातील रसिकांपुढे उभा राहिलेला हा लेखक दोन दशकांहून अधिक काळ स्वतःच्याच पत्रातून वाचकांपर्यंत पोहोचत आलेला होता. पुढे 'कर्मयोग' ही कादंबरी 'करमणुकी'तच सुरू झाली. १९१७ मध्ये साप्ताहिक बंद पडले आणि तीही तेथेच थांबली. १९१९ मध्ये हरिभाऊ गेले, तेव्हा ती अपूर्णच होती.