झोपलात तरी घड्याळ चालूच!

दारव्ह्यात शाळेत असताना आम्ही शकुंतला गाडीशी सायकलची शर्यत लावायचो आणि चक्क जिंकायचो! ती नॅरोगेज गाडी आता बंद पडलीय. परवा तिची आठवण आली ती 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका'मुळे.

१९८२ मध्ये चौघांनी सुरू केलेली ही शर्यत. एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे ४८०० किमी, मुदत १२ दिवस. झोपलात तरी घड्याळ चालूच! २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुलनाथ ती एकट्याने पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. पाठोपाठ आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ, ११ दिवस २१ तास ११ मिनिटांत. मुदतीचे तीन तासही उरले नव्हते!

हिशोब केला.. झोप धरून सरासरी ताशी १७ किमी. म्हणजे जवळपास शकुंतलेचाच वेग की! एवढी सायकल मीही चालवतो, पण पुढच्या चहाच्या टपरीपर्यंतच.