पायवाटेचा हक्क: बोरिवलीच्या जंगलातला इतिहास

मागच्या वेळी आपण कान्हेरीच्या शिलालेखांपाशी थांबलो होतो. आज लेण्यांच्या आत जायचं नाही, तिथपर्यंत नेणाऱ्या वाटांवरच थांबायचं आहे.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आपल्यापैकी बरेच जण रविवारी चालायला जातात. सुमारे १०३ चौरस किलोमीटरचं हे जंगल. तिकीट काढायचं, फलक बघत निघायचं, शिलोंड्यासारख्या वाटेवर परवानगी घेऊन वाटाड्याबरोबर जायचं. आपण त्याला 'ट्रेल' म्हणतो, आणि ती आपल्यासाठीच आखली आहे असं धरून चालतो. पण चालण्याची हौस म्हणून इथे वाट पाडण्याची रीत फार अलीकडची आहे. कान्हेरीला दान देणारे लोक कल्याण आणि सोपाऱ्याचे होते, हे लेखांतच आहे. ती माणसं, भिक्षेला उतरणारे भिक्खू, दगड फोडणारे कारागीर, सगळे या डोंगरातून पायीच जात-येत होते. लेण्यांमधल्या कोरीव पायऱ्या आपल्याला दिसतात, कारण त्या दगडाच्या आहेत. मातीतल्या वाटा काही कोणी कोरून ठेवल्या नाहीत. त्या टिकल्या त्या वापरामुळे, आणि नंतरच्या शतकांत तो वापर मुख्यतः पाड्यांवरच्या लोकांचा होता.

मग आलं पाणी आणि सरकार. विहार तलाव १८६० मध्ये पुरा झाला, तुळशी १८७९ मध्ये. मुंबईच्या नळाला पाणी हवं म्हणून दऱ्या बुडाल्या. त्याच सुमारास, १८७८ मध्ये, जंगलाचा कायदा आला. इथे जरा थांबू या, कारण आजचा मुद्दा इथेच आहे.

जंगल 'राखीव' करायचं तर आधी जाहीरनामा काढायचा. ज्याचा काही हक्क असेल त्याने किमान तीन महिन्यांच्या मुदतीत अधिकाऱ्यापुढे सांगायचा. नाही सांगितला, तर एरवी तो संपला! रस्त्याचा हक्कही त्यातच आला. आता विचार करा, ज्या वाटेने आजोबा-पणजोबा गेले, ती वाट म्हणजे 'हक्क' आहे आणि त्यासाठी अर्ज करायचा असतो, हे पाड्यावरच्या माणसाला कोण सांगणार? शिवाय पुढच्या एका कलमाने वनाधिकाऱ्याला, सरकारच्या मंजुरीने, राखीव जंगलातली कोणतीही वाट बंद करता येते. अट एकच: सरकारला सोयीची वाटेल अशी दुसरी वाट असली पाहिजे. सोयीची कोणाला वाटायला हवी, तेही नीट वाचा. १९२७ च्या कायद्यात हेच पंचविसावं कलम आहे.

लोक गप्प बसले नव्हते, बरं का. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगल खात्यावर कोरडे ओढले आहेत. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला.

जंगल राखलं गेलं म्हणून ते आज आहे, हेही आम्ही मान्य करतो. भोवतालची मुंबई बघितली की ते नाकारता येत नाही. १९९५ ची जनहित याचिका आणि १९९७ चा उच्च न्यायालयाचा आदेश यांनी अतिक्रमणं हटवली नसती, तर उद्यानाच्या कडा अजून आत सरकल्या असत्या. पण झोपडपट्टी आणि जुना पाडा यांतला फरक कागदावर लवकर पुसला जातो, आणि त्याची झळ इथल्या आदिवासींनाही बसली. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांना दावा मांडायची जागा दिली. मात्र पुरावे पुन्हा त्यांनीच गोळा करायचे.

गेल्या पावसाळ्यात आम्ही काही जण तिथे गेलो होतो. एका फाट्यावर डावीकडची वाट जास्त मळलेली होती, आम्ही सरळ तिकडे वळलो. वाटाड्याने हाक मारली, "सर, तिकडे नाही. ती पाड्याची." समोरून गणवेशातल्या दोन मुली दप्तरं डोक्यावर धरून येत होत्या, आम्ही बाजूला झालो.