गगनचुंबी इमारती आणि वाऱ्याची वीज

इमारत जितकी उंच, तितका तिच्यावरील वाऱ्याचा मारा अधिक. म्हणूनच गगनचुंबी इमारतीचा सांगाडा उभारताना स्थापत्य अभियंत्यांना भूकंपाइतकीच वाऱ्याचीही दखल घ्यावी लागते. हा मारा केवळ सोसण्याऐवजी त्यातून वीज मिळवावी, ही कल्पना एकविसाव्या शतकाच्या आरंभी प्रत्यक्षात उतरली. उद्वाहने, वातानुकूलन, पाणी वर चढवणारे पंप आणि अहोरात्र जळणारे दिवे यांमुळे उंच इमारती विजेच्या मोठ्या ग्राहक असतात. त्यांची ही भूक त्यांच्याच माथ्यावरून वाहणारा वारा कितपत भागवू शकतो, याचे उत्तर मनामा, लंडन आणि ग्वांगझौ या शहरांतील तीन इमारतींकडे पाहिले म्हणजे मिळते.

पवनचक्कीपासून मिळणारी वीज मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते : पात्यांनी व्यापलेले क्षेत्र आणि वाऱ्याचा वेग. क्षेत्र दुप्पट झाले तर वीज दुप्पट होते. वेग दुप्पट झाला तर मात्र ती आठपट होते, कारण हे नाते वेगाच्या घनाचे आहे. सेकंदाला ५ मीटर वेगाच्या वाऱ्यात दर चौरस मीटरमागे सुमारे ७५ वॅट शक्ती असते, तर १० मीटर वेगाच्या वाऱ्यात ती ६०० वॅटच्या घरात जाते. त्यातलीही सगळी हाती लागत नाही. कोणतीही पवनचक्की वाऱ्यातील शक्तीच्या ५९.३ टक्क्यांहून अधिक वाटा काढून घेऊ शकत नाही, हे जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच दाखवून दिले होते.

जमिनीलगत घर्षणामुळे वारा मंदावतो आणि उंचीबरोबर त्याचा वेग वाढतो. ही उंची इमारतीला आयतीच लाभलेली असते. अडचण आहे ती शहराची. शेजारच्या इमारतींवर आपटून वारा फुटतो, त्यात भोवरे निर्माण होतात, दिशा क्षणाक्षणाला बदलते. असा विस्कळीत वारा वीज कमी देतो आणि पाती व धारवे लवकर झिजवतो.

या अडचणीवर सर्वांत धीट तोड काढली गेली ती बहारीनमध्ये. मनामा येथील ‘बहारीन वर्ल्ड ट्रेड सेंटर’ २००८ मध्ये पूर्ण झाले. अॅटकिन्स या संस्थेचे वास्तुविशारद शॉन किला यांनी त्याची रचना केली. सुमारे २४० मीटर उंचीचे, शिडांच्या आकाराचे दोन मनोरे समुद्राकडे तोंड करून उभे आहेत. त्यांना जोडणाऱ्या तीन पुलांवर प्रत्येकी २९ मीटर व्यासाची एकेक पवनचक्की बसवलेली आहे. इराणच्या आखातावरून येणारा वारा या शिडांमध्ये नरसाळ्यात शिरावा तसा शिरतो व वेग घेतो. येथील पवनचक्क्या वाऱ्याकडे वळू शकत नाहीत. म्हणून वाऱ्यालाच त्यांच्याकडे वळवण्याचे काम मनोऱ्यांच्या आकाराने केले आहे. मनोरे वर निमुळते होत जातात, त्यामुळे वेग वाढवण्याचा त्यांचा परिणाम वर घटतो; पण तिथे मूळचाच वारा जोरदार असल्याने तिन्ही चक्क्यांना जवळपास सारखा वारा मिळतो. प्रत्येकीची क्षमता २२५ किलोवॉट. वर्षाकाठी ११ ते १३ लाख युनिट वीज मिळावी आणि मनोऱ्यांची ११ ते १५ टक्के गरज भागावी, असा आराखड्यातील अंदाज होता. म्हणजे अंदाज पुरता खरा ठरला तरी पंच्याऐंशी टक्के वीज बाहेरूनच घ्यायची.

लंडनमधील ‘स्ट्राटा’ ही १४८ मीटर उंचीची इमारत २०१० मध्ये पूर्ण झाली. ही निवासी इमारत आहे. तिच्या माथ्यावरील तीन गोल पोकळ्यांत ९ मीटर व्यासाच्या, प्रत्येकी १९ किलोवॉटच्या चक्क्या आहेत. इमारतीची ८ टक्के गरज त्या भागवतील असे सांगितले गेले होते. आवाज कमी व्हावा म्हणून तीनऐवजी पाच पाती दिली गेली आणि कंप शोषणाऱ्या बैठकाही बसवल्या गेल्या. तरीही रहिवाशांकडून आवाजाच्या व कंपाच्या तक्रारी आल्या आणि पाती बहुतेक वेळ स्तब्धच दिसू लागली. त्याच वर्षी ब्रिटनमधील सर्वांत कुरूप नव्या इमारतीला दिला जाणारा ‘कार्बंकल कप’ या इमारतीच्या वाट्याला आला.

ग्वांगझौ येथील ‘पर्ल रिव्हर टॉवर’ची वाट वेगळी आहे. ‘स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल’ या अमेरिकी संस्थेने रचलेल्या या ७१ मजली, सुमारे ३०९ मीटर उंच इमारतीचा दर्शनी भाग अंतर्वक्र आहे. अडलेला वारा यंत्रसामग्रीच्या दोन मजल्यांवरील चार झरोक्यांकडे वळतो आणि तेथील उभ्या आसाच्या चक्क्या फिरवतो. या झरोक्यांमुळे इमारतीवरील वाऱ्याचा दाबही हलका होतो. वापराइतकी वीज स्वतःच निर्माण करणारी इमारत उभारण्याचा मूळ संकल्प मात्र पूर्णत्वास गेला नाही. तिची खरी बचत होते ती दुहेरी काचेच्या भिंती, ऊन अडवणारे पडदे आणि थंड पाणी खेळवून गार केलेली छते यांमुळे. त्या मानाने वाऱ्याचा वाटा अल्प आहे.

असे का व्हावे, हे क्षेत्रफळाच्या साध्या हिशेबावरून कळते. ‘स्ट्राटा’च्या तिन्ही चक्क्या मिळून सुमारे १९० चौरस मीटर वारा पकडतात. बहारीनची एकच चक्की ६६० चौरस मीटर व्यापते. सातारा जिल्ह्यात दिसतात तशा मोकळ्या पठारांवर ८० मीटर व्यासाची एक चक्की उभी केली, तर तिचे क्षेत्र पाच हजार चौरस मीटर भरते आणि तिला मिळणारा वाराही अखंड असतो. तिच्या कंपाने कोणाची झोप मोडत नाही आणि देखभालीचा बोजा सदनिकाधारकांवर पडत नाही.

म्हणून उंच इमारतीच्या पर्यावरणस्नेही रचनेत पवनचक्कीचा क्रम सर्वांत शेवटी येतो. आधी इमारतीची दिशा, सावली, भिंतींची उष्णतारोधकता आणि नैसर्गिक वायुवीजन यांचा विचार व्हायला हवा. त्यानंतर वर्षभर वाऱ्याची प्रत्यक्ष मोजणी करून, तो पुरेसा आणि सलग असेल तरच पात्यांचा खर्च सार्थकी लागतो. वाऱ्याचा उपयोग वीजनिर्मितीपुरताच आहे असेही नाही. त्याच बहारीनमध्ये, मुहर्रक येथील शेख ईसा बिन अली यांच्या जुन्या वाड्यावर ‘बादगीर’ म्हणजे वारा पकडणारा मनोरा आहे. तो एक युनिटही वीज निर्माण करीत नाही. पण वरचा वारा खाली खोल्यांत उतरवून, विजेचे पंखे नव्हते त्या काळापासून तो घर गार ठेवत आला आहे.