रस्त्याचा जमाखर्च

सदरमध्ये राहणाऱ्याला रस्त्याचा इतिहास शोधायला फार लांब जावे लागत नाही. वस्तीच्या नावात छावणीचा बाजार आहे. रेसिडेन्सी रोडच्या नावात भोसल्यांच्या दरबारातला इंग्रज रेसिडेंट आहे. रस्ता कुणासाठी झाला, हे नाव सांगते. तो कशाचा झाला आणि त्याची खरी किंमत किती, हे मात्र नाव सांगत नाही. आज त्याविषयीच थोडे बोलू.

एकोणिसाव्या शतकात चांगला रस्ता म्हणजे फोडलेली गिट्टी, त्यावर मुरूम, पाणी आणि रोलर. मॅकॅडम नावाच्या स्कॉटिश माणसाची ही रीत. बैलगाडीच्या लोखंडी धावेखाली गिट्टीचा भुगा व्हायचा आणि पाऊस तो पुन्हा बसवायचा. मग मोटार आली. तिची वेगवान रबरी चाके हा भुगा ओढून उडवू लागली. रस्ता धूळ होऊन हवेत जाऊ लागला, तेव्हा दगडाला धरून ठेवणारे काहीतरी हवे झाले. आधी आले कोळशापासून निघणारे डांबर. नंतर कच्चे तेल शुद्ध करताना तळाशी उरणारे बिटुमेन. आपण दोघांनाही डांबरच म्हणतो.

मोटारींनी रस्त्यांचा प्रश्न सरकारदरबारी नेला. 1927 साली नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. समितीच्या शिफारशीवरून पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि 1929 साली केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. पुढे 1943 साली देशभरातले मुख्य अभियंते जमले ते याच नागपुरात. त्यांनी आखलेली वीस वर्षांची योजना रस्तेबांधणीच्या पुस्तकांत आजही ‘नागपूर योजना’ म्हणूनच शिकवली जाते. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक रस्ते, जिल्हा रस्ते, ग्रामरस्ते ही वर्गवारी तिचीच. शेतीच्या सुपीक भागातले कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा लांब राहू नये, हे तिचे स्वप्न होते.

त्या अभियंत्यांनी विचारले, किती मैल आणि किती गावे? देशाची गरज तीच होती. दगड कोणत्या टेकडीचा, इंधन किती जळेल, उखडलेल्या रस्त्याचे काय करायचे, हे प्रश्न नंतरच्या पिढीचे. एखाद्या वस्तूचा खाणीपासून उकिरड्यापर्यंतचा हिशेब मांडण्याची पद्धत 1969 च्या सुमारास अमेरिकेत शीतपेयाच्या बाटल्यांपासून सुरू झाली. 1997 साली तिचे आंतरराष्ट्रीय मानक ठरले. तिला जीवनचक्र मूल्यमापन म्हणतात. नाव जड आहे, पण घरखर्चाची वही लिहिणाऱ्या गृहिणीला ती लगेच समजेल. साडीची किंमत म्हणजे फक्त दुकानातली किंमत नव्हे. किती धुण्यांत विरली, हेही त्यात येते.

रस्त्याला हा हिशेब लावला की काही गोष्टी उघड होतात. डांबरी मिश्रण साधारण दीडशे अंशांच्या वर तापवावे लागते. पावसात उघडी पडलेली ओली गिट्टी वापरली, तर आधी पाणी वाळवण्यातच इंधन जाते. म्हणजे गिट्टीच्या ढिगावर साधे छप्पर घालणे हेही पर्यावरणाचे काम आहे. दुसरी गोष्ट, जुना डांबरी थर खरवडून नव्या मिश्रणात पुन्हा वापरता येतो. सिमेंटचा रस्ता अधिक टिकतो, पण सिमेंट करताना चुनखडी भाजली की तिच्या पोटातलाच कार्बन वायूरूपाने बाहेर पडतो. इंधनाचा धूर वेगळा. तेव्हा डांबर बरे की सिमेंट, याचे उत्तर एका शब्दात मिळत नाही. रस्ता किती वर्षे टिकला, हे आधी विचारावे लागते.

याचे नामांकित उदाहरण पुण्यात आहे. जंगली महाराज रस्ता 1976 च्या सुमारास रेकॉन्डो या कंपनीने दहा वर्षांच्या हमीने बांधला. हमी संपली, तरी तो रस्ता खड्ड्यांविना पुढे कित्येक वर्षे टिकला. जो खड्डा पडलाच नाही, तो बुजवायला गिट्टी लागली नाही, डांबर लागले नाही, ट्रकही लागला नाही.

आपल्या जवळही एक प्रयोग झाला आहे. नागपूर जिल्ह्यात मनसरजवळ राष्ट्रीय महामार्ग 44 च्या एका तुकड्यावर डिसेंबर 2024 मध्ये जैव-बिटुमेनचा रस्ता खुला झाला. वनस्पतींतले लिग्निन त्यात डांबराचा काही वाटा उचलते. प्रयोग आशेचा आहे, पण त्याची खरी परीक्षा विदर्भाचा उन्हाळा आणि पावसाळा घेतील.

आता गल्लीकडे येऊ. जुना थर न काढता त्यावर नवा थर, त्यावर आणखी एक, असे करत शहरातले रस्ते घरांच्या उंबऱ्यांहून उंच झाले. पाणी उतार शोधते. त्याला उंबरा सापडतो. निविदेत रस्त्याचा दर असतो, पण भिजलेल्या धान्याचा नसतो. मे महिन्यात उकळत्या डांबराच्या धुरात उभ्या असलेल्या मजुराच्या छातीचाही नसतो. हिशेब पुरा करायचा, तर हे रकाने घालावेच लागतील.

तेव्हा आपल्या गल्लीत रोलर आला, की नगरसेवकाला दोन प्रश्न जरूर विचारा. जुना थर काढणार का? आणि हमी किती वर्षांची? नागपूरने एकदा देशाला रस्ते मोजायला शिकवले. रस्त्यांचे आयुष्य मोजण्याची सुरुवातही इथूनच व्हायला हरकत नाही.