हाडाने धातू सोडला नाही, तेव्हा… : डेंटल इम्प्लांटचा इतिहास

पडलेल्या दाताच्या जागी नवा दात हवा असेल, तर डेंटिस्ट साधारण तीन पर्याय सांगतात. काढता-घालता येणारी कवळी, शेजारचे दात घासून त्यांच्या आधाराने बसवलेला ब्रिज, किंवा जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर दात, म्हणजेच इम्प्लांट. पहिल्या दोन्ही पर्यायांत दाताला मूळ नसतं, तिसऱ्यात मूळच नवं मिळतं. कल्पना तशी साधी आहे. मग ती जमायला 1960चं दशक का उजाडावं लागलं?

प्रयत्न कमी झाले नव्हते. 1931 मध्ये होंडुरासमध्ये सुमारे इसवी सन 600च्या काळातला एक जबडा सापडला. त्यात खालच्या दातांच्या जागी शिंपल्याचे तीन तुकडे ठोकलेले होते. मृत्यूनंतर सजावट म्हणून ते बसवले असतील, असंच आधी वाटलं. पण 1970च्या सुमारास एक्स-रे काढले तेव्हा शिंपल्याभोवती हाड वाढलेलं दिसलं. म्हणजे तो माणूस जिवंत असतानाच ते बसवले होते!

अठराव्या शतकात लंडनच्या जॉन हंटर या सर्जनने माणसाचा दात कोंबड्याच्या तुऱ्यात रुजवून पाहिला. त्या काळात श्रीमंतांच्या तोंडात गरिबांचे दात विकत घेऊन बसवले जात. ते दात फार टिकत नसत, आणि त्यांच्यासोबत आजारही पसरल्याच्या तक्रारी होत्या.

विसाव्या शतकात धातूचे स्क्रू, पाती, जाळ्या असं बरंच काही वापरून झालं. अडचण एकच होती. हाड आणि धातू यांच्यामध्ये मऊ तंतुमय ऊतींचा थर तयार व्हायचा आणि अनेकदा इम्प्लांट हलायला लागायचा. धातू ही शरीरासाठी परकी वस्तू, त्यामुळे हा थर येणारच, असं बहुतेक तज्ज्ञ धरून चालले होते. खऱ्या दाताभोवतीही तंतूंची मऊ गादी असतेच, म्हणून काहींना तर तो थर फायद्याचाच वाटायचा.

या समजाला धक्का दिला तो दातांशी संबंध नसलेल्या एका प्रयोगाने. 1952 च्या सुमारास स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क हा तरुण संशोधक अस्थिमज्जेतलं रक्ताभिसरण अभ्यासत होता. सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी खिडकी बसवून तो मायक्रोस्कोपखाली पाहायचा. प्रयोग संपल्यावर ती महागडी खिडकी परत काढायला गेला, तर निघेचना! हाड धातूला थेट चिकटून वाढलं होतं.

गोष्ट बहुतेक वेळा इथेच संपवली जाते: योगायोगाने शोध लागला, झालं. मला मात्र पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. ब्रोनेमार्कच्या गटाने आधी वर्षानुवर्षं प्राण्यांवर काम केलं. मग 1965 मध्ये गोथेनबर्गला योस्ता लार्सन या 34 वर्षांच्या रुग्णाच्या खालच्या जबड्यात चार इम्प्लांट बसवले. जन्मापासूनच त्यांच्या जबड्यात व्यंग होतं आणि खालचे दातही नव्हते. त्या इम्प्लांटच्या आधाराने ते 2006 मध्ये मृत्यू होईपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षं, जेवले.

मग टायटॅनियमच का? हवेशी संपर्क येताच त्यावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर चढतो. हाडाच्या पेशींची गाठ त्या स्थिर थराशी पडते, उघड्या धातूशी नाही. पण फक्त धातू बदलून भागत नव्हतं. ड्रिल करताना हाड सुमारे 47 अंश सेल्सिअसवर मिनिटभर जरी तापलं, तरी त्याला इजा होते. म्हणून हळू ड्रिल करायचं आणि वरून सलाइन सोडत राहायचं. त्यानंतर इम्प्लांट हिरडीखाली झाकून खालच्या जबड्यात साधारण तीन आणि वरच्या जबड्यात सहा महिने त्यावर भार टाकायचाच नाही. स्लॅब टाकल्यावर आपण पाणी मारत दिवस मोजतो ना, तसंच.

तरीही दंतवैद्यकातले अनेकजण साशंक होते. दातांचा डॉक्टर नसलेल्या माणसाचं का ऐकायचं? ब्रोनेमार्कच्या गटाने 1977 मध्ये दहा वर्षांच्या रुग्णांचा हिशोब छापला आणि 1982 च्या टोरांटो परिषदेनंतर उत्तर अमेरिकेची दारं उघडली. हाड आणि धातूच्या या थेट जोडाला त्यांनी नाव दिलं, ऑसिओइंटिग्रेशन.

आज योग्य रुग्ण असेल तर त्याच दिवशी दात बसवणंही शक्य आहे. पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत केले जातात, स्क्रूचे आकार सुधारलेत. पण हाड आपल्याच गतीने वाढतं. धूम्रपान, ताब्यात नसलेला मधुमेह किंवा हिरड्यांचा आजार असेल, तर इम्प्लांट फसण्याचा धोका वाढतो. त्यामुळे ‘नवं तंत्रज्ञान’ अशी जाहिरात दिसली, की किमतीसोबत आणखी एक प्रश्न जरूर विचारा: हे किती रुग्णांमध्ये, किती वर्षं टिकलेलं आहे? ब्रोनेमार्कलाही शेवटी याच प्रश्नाच्या उत्तराने मान्यता मिळवून दिली.

पुढच्या लेखात हा खडबडीत पृष्ठभाग पेशीला ‘दिसतो’ कसा, ते पाहू. तोपर्यंत प्रश्न असतील तर नक्की विचारा.